मांडवी: एका बंदरवस्तीच्या खाद्यशब्दांचा इतिहास

मुंबई शहराच्या इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न केला असता सरकारी दप्तरे, गॅझेटियरचे खंड, कंपनीचा पत्रव्यवहार, वृत्तपत्रांच्या जुन्या फायली आणि गोविंद नारायण माडगांवकर यांचे 1863 मधील ‘मुंबईचे वर्णन’ ही नावे सहज पुढे येतात. या साधनांचे मोल वादातीत आहे. तथापि त्यांत एक उणीव राहते. बंदरावर जो माल उतरला त्याचे वजन, त्याची किंमत, त्यावरील जकात आणि मालकाचे नाव यांची नोंद दप्तरात होते; तो माल ज्यांनी पाठीवर वाहिला, निवडला, तोलला, विकला आणि रांधला त्यांची नोंद क्वचितच सापडते. लिहिणारा आणि वाहणारा हे एकाच धक्क्यावर उभे असले तरी कागद एकाच्याच हाती असतो.

या उणिवेची काही अंशी भरपाई शब्दांच्या साहाय्याने करता येईल काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्यासाठी मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील मांडवी हा विभाग निवडला आहे. मसजिद बंदर, चिंचबंदर, दाणाबंदर आणि डोंगरी यांच्यामधील ही दाट वस्ती शंभर वर्षांहून अधिक काळ शहराचे कोठार होती. धान्य, साखर, तूप, मसाले, सुका मेवा आणि खजूर यांचा घाऊक व्यापार येथेच चाले. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, मराठीतील कित्येक खाद्यनामांना आजचे रूप व्यापाऱ्याच्या वहीत आले नसून ते धक्क्यावर व दुकानाच्या फळीवर, बोलणाऱ्यांच्या तोंडी घासून घासून आले आहे. म्हणून हे शब्द म्हणजे दप्तराबाहेरचे एक दप्तरच होय. ते वाचण्यास मात्र शिस्त लागते. ती नसेल तर काय होते याचाही अनुभव पुढे सांगावयाचा आहे.

आरंभ स्थळनामापासूनच करणे बरे. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. प्राचीन कोरीव लेखांत मंडपिका हा शब्द जकात घेण्याच्या जागेसाठी येतो. त्याच्याशीच मांडवीचे नाते आहे. हिंदीतील मंडी त्याच कुळातील, आणि आपल्या भाजीबाजाराची मंडई हीसुद्धा बहुधा त्याच घरची. जेथे कर द्यावा लागतो तेथेच बाजार भरतो, हा व्यवहार या एका शब्दकुळात सामावला आहे. कच्छच्या किनाऱ्यावरही मांडवी नावाचे प्रसिद्ध बंदर आहे, आणि मुंबईच्या मांडवीत धान्याच्या व्यापारात ज्या कच्छी मंडळींनी जम बसविला त्यांना हे नाव परके वाटले नसावे. गोव्याच्या मांडवी नदीचा संबंध येथे जोडण्याचा मोह होतो. परंतु ध्वनिसाम्य म्हणजे पुरावा नव्हे, आणि नद्यांची नावे पुष्कळदा फार जुन्या थरातील असतात. तो मोह आवरलेला बरा.

आज मसजिद बंदर स्थानकावर उतरणाऱ्या माणसास बंदर दिसत नाही. बंदर हा शब्द फारसी. मुंबईच्या इंग्रजांनीही तो उचलला, आणि पूर्व किनाऱ्यावर चिंचबंदर, वाडीबंदर, कर्नाक बंदर अशी नावांची माळच तयार झाली. त्यांतील पहिले नाव चिंचेच्या झाडावरून, तर शेवटचे 1839 ते 1841 या काळातील गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट-कर्नाक यांच्यावरून. पुढे समुद्र मागे हटविण्यात आला. एल्फिन्स्टन कंपनीने घातलेली भर सरकारने विकत घेतली, 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक उघडला. आणि ज्या गल्ल्यांच्या तोंडाशी पूर्वी पडाव लागत त्या गल्ल्या जमिनीच्या पोटात गेल्या. नावे मात्र जागची हलली नाहीत. उलट उदाहरणही आहे. भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला धक्का जुना; आज रेवस-मोऱ्याकडे जाणारा उतारू ज्याला भाऊचा धक्का म्हणतो ते बांधकाम पोर्ट ट्रस्टच्या काळातले. येथे नावच पाण्याचा माग काढीत पुढे सरकले. लोकांना भाऊ हवे होते आणि पाणीही हवे होते.

गल्ल्यांची नावे पाहू लागले की दोन प्रकार दिसतात. एक माणसांच्या नावांचे: कच्छी व्यापारी नरशी नाथा यांचा रस्ता, सॅम्युएल स्ट्रीट, युसुफ मेहेरअली रस्ता. दुसरे मालाच्या नावांचे: दाणाबंदर, मिरची गल्ली, काथा बाजार. पहिल्या प्रकारची नावे नगरपालिकेच्या पाटीवर आढळतात, दुसऱ्या प्रकारची हातगाडीवाल्याच्या तोंडी. पत्ता विचारताना दुसऱ्याचाच उपयोग होतो, हे कोणीही तेथे जाऊन अजमावून पाहावे. काथा बाजारात काथ्या घेणारे गिऱ्हाईक आज विरळा. तथापि नावात दोरखंड, शिडाची गलबते आणि नारळाचा किनारा हे तिन्ही बांधलेले आहेत.

लोकव्युत्पत्तीचा धोका सांगण्याकरिता बोंबलाचे उदाहरण घेतो. सुक्या बोंबलास इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात. याचे स्पष्टीकरण असे दिले जाते की, आगगाडी सुरू झाल्यावर सुके बोंबील टपालाच्या गाडीने जात. तो वास ‘बॉम्बे डाक’चा, आणि डाकेचे डक झाले. ही गोष्ट इतकी घोटीव आहे की प्रस्तुत लेखकाने अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत ती वर्गात वस्तुस्थिती म्हणून सांगितली होती. पुढे एका विद्यार्थ्याने साधा प्रश्न केला: आगगाडी 1853 ची, मग त्याआधी इंग्रज या मासळीस काय म्हणत? शोध घेता असे दिसले की हे नाव आगगाडीच्या कित्येक वर्षे आधी, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच, छापील इंग्रजीत आले आहे. त्याहूनही आधी, सतराव्या शतकात, इंग्रज प्रवासी या मासळीस बोंबील शब्दाचेच बिघडलेले रूप वापरून ओळखत होते. वर्गात विधान मागे घ्यावे लागले. तेव्हापासून आमचा एक नियम झाला आहे: जी व्युत्पत्ती ऐकताच हसू येते तिचा सनावळीशी मेळ आधी घालून पाहावा.

पावाचीही अशीच गत. तो पायांनी तुडवून मळतात म्हणून पाव, असे सांगणारे भेटतात. वस्तुतः हा पोर्तुगीज शब्द; गोव्याच्या भटारखान्यांतून तो मुंबईस आला. मराठीत चतुर्थांशवाचक पाव हा शब्द आधीच होता, त्यामुळे नव्या पाहुण्यास बसावयास आयता पाट मिळाला. बटाटा आणि बिस्कूट याच वाटेने आलेले. सोळाव्या शतकापासून या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा जो वावर होता त्याचे अवशेष किल्ल्यांपेक्षा स्वयंपाकघरात अधिक शाबूत आहेत.

याहून महत्त्वाचा एक विशेष फळांच्या व साखरेच्या नावांत दिसतो. मोसंबी हे नाव मोझांबिकवरून आले, हे सामान्यतः मान्य आहे. मस्कती डाळिंब आणि बसराई केळे ही नावे तर उघडच मस्कत व बसरा यांकडे बोट दाखवितात. जुन्या मराठी घरांत पांढऱ्या दाणेदार साखरेस मोरस म्हणत. हे मॉरिशस बेटाचे नाव होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या बेटाची साखर मुंबईच्या बंदरात मोठ्या प्रमाणावर उतरू लागली, आणि मांडवीच्या पेढ्यांतून ती देशभर गेली. 1905 नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखर हाडांच्या कोळशाने शुद्ध करतात म्हणून तिजवर बहिष्कार पुकारला गेला. तरीही मोरस हा शब्द टिकला, आणि पुढे देशी कारखान्यांच्या साखरेलाही काही काळ लागू होत राहिला.

या नावांवरून त्या त्या वस्तूचे मूळ स्थान कळते, असे मानणे चुकीचे ठरेल. संत्र्यामोसंब्यांच्या वर्गातील फळांचे मूळ आशियात आहे. आफ्रिकेत ती नंतर गेली. मिरची अमेरिकेतली, परंतु मुंबईकडे तिला एके काळी गोवाई मिरची म्हणत, कारण ती गोव्याहून आली. धक्क्यावरच्या माणसाला मूळ ठाऊक नसते, त्याला गलबत ठाऊक असते. म्हणून अशा नावांत मालाच्या जन्मभूमीऐवजी त्याचे शेवटचे बंदर नोंदलेले सापडते. हे एकदा ध्यानात घेतले की मांडवीच्या एका मेव्याच्या दुकानाची फळी म्हणजे नौकानयनाचा नकाशाच वाटू लागतो. जर्दाळू म्हणजे फारसीत पिवळा आलू. आलुबुखार म्हणजे बुखाऱ्याचा. दालचिनी म्हणजे चीनचे लाकूड. खरी दालचिनी सिंहलद्वीपाची. तिला चीनचे नाव पडले ते व्यापाऱ्यांच्या समजुतीमुळे. गंमत अशी की, आज बाजारात दालचिनी म्हणून जे जाड साल विकले जाते त्यातील बराच भाग चीन व व्हिएतनामकडील निराळ्या झाडाचा असतो. चूक नावात होती. ती दुरुस्त करण्यासाठी मालच बदलला, असे म्हणावे लागते.

लवंगेची कथा मात्र हसण्याजोगी नाही. झांझिबार आणि मुंबई यांचा व्यापार जुना, आणि त्यात कच्छी, भाटिया व खोजा पेढ्यांचा हात मोठा. 1937 साली झांझिबारच्या सरकारने लवंगेच्या व्यवहाराचा मक्ता उत्पादकांच्या संघाकडे दिला. तेथील हिंदी व्यापाऱ्यांच्या पोटावरच तो पाय होता. त्यांनी बहिष्कार पुकारला, राष्ट्रीय सभेने त्यास पाठिंबा दिला, आणि लवंगेची सर्वांत मोठी गिऱ्हाइके ज्या देशात होती त्या देशाने तो माल नाकारला. 1938 मध्ये तडजोड झाली. मसाल्याच्या डब्यातील एवढ्याशा कळीला घेऊन दोन किनाऱ्यांमध्ये राजकारण घडले, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत अद्याप नीटसे आलेले नाही.

आता त्याच लवंगेच्या गोणीचा प्रवास भाषेच्या दृष्टीने पाहावा. गलबतावर ती असते तेव्हा तिच्याभोवती फारसी व अरबी शब्दांचा वावर असतो. नाखवा हा फारसी नाखुदा, म्हणजे नौकेचा धनी, सुकाणू अरबी, खलाशी अरबी. ज्या कोळ्यांना आपण या किनाऱ्याचे आद्य रहिवासी मानतो त्यांच्या घरी नाखवा हे मानाचे संबोधन आहे, आणि ते समुद्रापलीकडून आलेले आहे. आद्यता आणि उसनवारी यांत विरोध नाही, हे यावरून दिसते. जहाजावरील स्वयंपाक्यास खलाशांच्या बोलीत भंडारी म्हणत. तेच नाव धक्क्यावर उतरले की माडावर चढणाऱ्या ज्ञातीचे होते. गोणी धक्क्यावर आली की ती हमालाच्या पाठीवर जाते. हमाल अरबी, पण येथपासून क्रियापदे मराठी होतात: उचल, लाव, थप्पी मार, उतरव. गोणी हा शब्द संस्कृतातून आलेला आणि पुढे इंग्रजीतही गेलेला. तिच्या वजनाची वजावट करावयाची तर तिला बारदान म्हणावयाचे, तो फारसी. तोलाईच्या वेळी मण आणि शेर. पेढीवर पोहोचताच बोलणे कच्छीत वा गुजरातीत आणि लिहिणे गुजराती वहीत. किरकोळ दुकानाच्या फळीवर मुंबईची बाजारी हिंदी. आणि मग गिरगावातील वा लालबागेतील स्वयंपाकघरात मसाला, जो अरबी असूनही ज्याला कोणतीही गृहिणी परका म्हणणार नाही.

एका गोणीच्या अर्ध्या मैलाच्या वाटेवर इतक्या भाषा. आणि प्रत्येक भाषेचा टप्पा ठरलेला. यास सरसकट मिश्र संस्कृती म्हणून मोकळे होणे आम्हास पटत नाही. मिश्रण म्हटले की सर्व घटक समपातळीवर आल्यासारखे वाटतात. येथे प्रत्येक भाषेला कामाची एक पायरी नेमून दिलेली होती, आणि मराठीच्या वाट्याला मुख्यतः उचलण्याची पायरी आली होती. घाऊक बाजारात भाव ठरविण्याची जी करपल्लवी असे, म्हणजे रुमालाखाली बोटे धरून केलेला मुका सौदा, ती तर भाषांच्या या गर्दीतून सुटण्याचीच युक्ती म्हणावी लागेल. हमालाला ती रुमालाच्या बाहेरूनच दिसे.

वजनमापांकडे येऊ. मुंबईच्या जुन्या कोष्टकात 72 टांक म्हणजे एक शेर, 40 शेर म्हणजे एक मण आणि 20 मण म्हणजे एक खंडी. हा मण 28 रतलांचा. रतल अरबी, पण मुंबईत त्याचा अर्थ इंग्रजी पौंड असा स्थिर झाला. म्हणजे नाव अरबांचे, वजन इंग्रजांचे, आणि तागडी वाण्याची. शेराचा आठवा भाग तो नवटाक, अर्थात नऊ टांक. वरील हिशेबाने तो आजच्या सुमारे 40 ग्रॅमांचा होतो. हळद, जिरे, चहाची पूड अशा वस्तू गरिबाच्या घरी नवटाकानेच येत. 1956 च्या कायद्यानंतर दशमान वजने टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि ही मापे बाजारातून गेली. कापसाची खंडी तेवढी उरली. ती 784 पौंडांची होती म्हणून आजही कापसाचा भाव 356 किलोंच्या खंडीवर बोलला जातो.

नवटाकाचे नशीब मात्र निराळे. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. 1950 मध्ये संपूर्ण दारूबंदी अमलात आली. बंदरवस्तीत, गोदी कामगारांच्या व खलाशांच्या वाड्यांत, चोरून गाळलेली दारू लहान पेल्यांनी विकली जाऊ लागली. त्या पेल्यास आणि पुढे त्यातील द्रव्यास नवटाक हे नाव पडले. ज्या मापाने आई मुलाला जिरे आणावयास पाठवी, त्याच मापाने बाप संध्याकाळी घसा ओला करी. दशमान पद्धतीने वाण्याच्या दुकानातून हाकललेला शब्द गुत्त्यात आसऱ्यास गेला. 1960 च्या दशकात बंदी सैल झाली, परवान्याची पद्धत रूढ झाली, आणि परमिट रूम हे मुंबईच्या मराठीतील आणखी एक स्थायी पद निर्माण झाले. आज त्या फलकाखालून आत जाणाऱ्या किती जणांपाशी परमिट असते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

दारूबंदीपूर्वीचा इतिहासही शब्दांत आहे. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, शिंदीची ती शिंदी: पेयाने झाडाचे नाव घ्यावे, हा या किनाऱ्याचा रिवाज. मसजिद बंदराजवळची भंडारी गल्ली या धंद्याच्या ज्ञातीची आठवण ठेवते. 1878 च्या अबकारी कायद्याने व त्यामागून वाढलेल्या झाडपट्टीने हा धंदा जेरीस आला. अबकारी हा शब्द फारसीत पाण्याचे काम एवढ्याच अर्थाचा. आपल्याकडे तो सरकारी कराचा झाला. ज्या पेयाला झाडाचे नाव होते त्याला खात्याचे नाव लागले, आणि तेथून त्याच्या मालकीचा प्रश्न बदलला.

चहाविषयी थोडक्यात. जगात या पेयाची दोन नावे फिरली. एक खुष्कीने व पोर्तुगीज गलबतांनी गेलेले चा, दुसरे डच जहाजांनी युरोपात नेलेले ते. मराठीचा चहा पहिल्या कुळातला. डोंगरीत इराणी मंडळींची वस्ती जुनी. तेथील मशीद 1860 मध्ये बांधली गेली आणि तिला मोगल मशीद म्हणतात. यातील मोगल म्हणजे दिल्लीचे बादशहा नव्हेत. मुंबईच्या बोलीत इराणी माणसास मोगल म्हणत. पुढे इराण्यांच्या हॉटेलांतून मस्का, ब्रून आणि पानीकम ही पदे सर्व शहरात गेली. पानीकम म्हणजे दुधाळ कडक चहा. या शब्दाचे व्याकरण ना फारसी ना मराठी. गल्ल्यावर बसलेला मालक आतल्या पोऱ्यास जी आज्ञा ओरडून देई, तीच नाम होऊन बसली.

सॅम्युएल स्ट्रीटवर बेने इस्रायल समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते 1796 मध्ये बांधले. शेजारच्या लोकांच्या बोलीत तीही मशीदच, आणि मसजिद या स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले, असे या समाजाची परंपरा सांगते. कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. मराठी त्यांची घरची भाषा. मंगलप्रसंगी व नवस फेडताना ते मलिदा करतात: भिजविलेले पोहे, ओले खोबरे, गूळ वा साखर, वर फळे व सुका मेवा, आणि सोबत हिब्रू प्रार्थना. मलिदा हा फारसी शब्द, कुस्करलेले या अर्थाचा. पदार्थ कोकणचा, शब्द इराणचा, प्रार्थना यरुशलेमची. आणि फळे व मेवा चार पावलांवरच्या बाजारातला. 1948 नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. त्यांच्याबरोबर मलिदाही गेला, आणि तेथेही तो त्याच नावाने केला जातो. इकडे सर्वसाधारण मराठीत मलिदा खाणे याचा अर्थ काय झाला आहे ते वाचकांस सांगणे नको.

या वस्तीवर तीन मोठे आघात झाले. 1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतच गाठीच्या तापाचा पहिला रोगी ओळखला. धान्याची वखार आणि उंदीर यांचे सख्य तेव्हा पुरतेपणी कोणास उमगले नव्हते. शहराचे पोट भरणारी वस्ती एकाएकी शहराच्या भीतीचे ठिकाण झाली. दुसरा आघात 14 एप्रिल 1944 चा. व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकीन या जहाजावर कापूस आणि सुमारे 1400 टन स्फोटके एकत्र भरलेली होती. दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले. जळते कापसाचे गठ्ठे वस्तीवर पडले, धान्याची कोठारे जळाली. शहरात आदल्याच वर्षी शिधावाटप सुरू झाले होते. कागदावर त्यास शिधापत्रिका म्हणतात. तोंडी रेशनकार्डच राहिले, आणि रांगेत उभे राहणाऱ्यांचा शब्द जिंकला.

तिसरा आघात आवाज न करता झाला. 1980 आणि 1990 च्या दशकांत घाऊक बाजार एकामागून एक नव्या मुंबईत वाशीस हलविण्यात आले. गर्दी, ट्रक आणि अरुंद गल्ल्या यांचा विचार करता निर्णय समर्थनीय होता. मसाल्याची, मेव्याची आणि खजुराची दुकाने अजून आहेत, रमजानपूर्वी तेथे पाय ठेवण्यास जागा नसते. परंतु धक्का, वखार, पेढी आणि फळी यांना जोडणारी जी बोलण्याची साखळी होती ती तुटली. तिच्यातील पहिल्या दोन कड्या ज्यांच्या तोंडी होत्या ते मुख्यतः सातारा आणि पुणे जिल्ह्यांतून आलेले घाटावरचे लोक. त्यांच्या संघटनेसाठी अण्णासाहेब पाटील यांनी जे कार्य केले त्याची परिणती 1969 च्या माथाडी कायद्यात झाली. माथ्यावर ओझे वाहणाऱ्याचे हे बोलीतले नाव कायद्याच्या शीर्षकात आले, ही घटना आमच्या मते या वस्तीच्या शब्दइतिहासातील सर्वांत मोठी आहे. मोगल, खोजे, भाटिये, बेने इस्रायल या सर्वांची नावे मशिदींवर, देवळांवर व रस्त्यांवर कोरलेली होती. माथाडीचे नाव प्रथम विधिमंडळात कोरले गेले.

त्याच्या जेवणाचे नाव मात्र बाजारात कोठेच दिसत नाही. प्रस्तुत लेखकाने गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांसह या गल्ल्यांतील दुकानांच्या पाट्या उतरून घेतल्या. त्यांत सुका मेवा आहे, फरसाण आहे, बिर्याणी, फालुदा, निहारी आहे. भाकरीची पाटी एकही नाही. ज्या खोलीत पंधरावीस गडी राहत तिच्या पलीकडच्या खोलीतली बाई महिन्याच्या बोलीने त्यांचे जेवण करी. त्या खानावळीला पाटीची गरज नव्हती, कारण जेवणारे ठरलेले होते. वाशीच्या बाजारातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध माथाड्यास आम्ही विचारले की, इतकी वर्षे लवंग, वेलची, बदाम वाहिले, त्यांतले घरी काय नेत होता? त्यांनी सांगितले की वास जाई, बाकी काही नाही. बायको सदऱ्यावरून ओळखे आज कोणत्या गाळ्यावर काम होते ते. मग त्यांनी गोण्यांच्या थप्प्या मोजण्याचे, एकमेकांस सावध करण्याचे, वजन न करता ओझे ओळखण्याचे कित्येक शब्द सांगितले. आमच्या पाहण्यातील कोणत्याही मराठी कोशात ते आढळले नाहीत. ते शब्द जाणणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. पाट्या कोणीही केव्हाही उतरून घेईल. या शब्दांची टिपणे करण्यास फार तर दहा वर्षे हाती आहेत.

परतताना मांडवी कोळीवाड्यात गेलो. एक कोळीण पाटीवर सुके बोंबील आणि जवळा मांडून बसली होती. आमच्यापैकी एकाने किलोचा भाव विचारला. तिने उत्तर दिले नाही. समोर लहान लहान ढीग केलेले होते, त्यांतील एकावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘ह्यो वाटा.’’ टांक गेला, शेर गेला, रतल गेला; वाटा हे माप तागडीवर कधी चढलेच नाही. नाखवा आणि खलाशी यांच्यात जाळ्यातली मासळी ज्या शब्दाने वाटली जाई त्याच शब्दाने ती अजून विकली जाते. विद्यार्थ्याने दोन वाटे घेतले.